हिरवागार समुद्र, तरी हवेत कार्बन सोडणारा: अरबी समुद्राचा हिशेब

प्रश्न असा आहे: उपग्रहाच्या चित्रांत पावसाळ्यात आणि थंडीत अरबी समुद्र प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) बहराने हिरवागार दिसतो. वनस्पती-प्लवक प्रकाशसंश्लेषण करतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड घेतात. मग हा समुद्र कार्बन शोषणाऱ्यांत का मोजला जात नाही? एल निनो आणि इंडियन ओशन डायपोल (हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम भागांतल्या तापमानाचा झोका) आले की हिशेब कसा बदलतो? आणि समुद्रात लोह, म्हणजे प्लवकांना लागणारे खत, टाकून हे शोषण वाढवता येईल का?

आधी थेट उत्तर. वर्षभराचा ताळा मांडला तर अरबी समुद्र हवेला कार्बन देतो. हे देणे साधारण ०.१ गिगाटन (एक गिगाटन म्हणजे अब्ज टन) कार्बन इतके आहे, आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सोमालिया-ओमानच्या बाजूने जातो. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९२ ते १९९७ या काळात 'सागर कन्या' जहाजावरून मोजमापे केली. त्यांतून १९९८ मध्येच दिसले की मध्य आणि पूर्व अरबी समुद्रसुद्धा बाराही महिने देणाऱ्याच्याच बाजूला असतो. जगाचा एकूण महासागर मात्र निव्वळ शोषणारा आहे: दरवर्षी जवळपास ३ गिगाटन कार्बन, म्हणजे माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ती कशी, हे कळायला हिरवेपणा बाजूला ठेवून पाणी कोणत्या खोलीवरून वर आले आणि कार्बन कोणत्या खोलीपर्यंत खाली गेला, हे बघावे लागते.

समुद्रातल्या विरघळलेल्या अजैव कार्बनचा साठा सुमारे ३८,००० गिगाटन आहे. समुद्रातल्या सगळ्या सजीवांच्या शरीरांतला कार्बन जेमतेम काही गिगाटन. देवमाशांच्या शरीरात साठलेल्या कार्बनच्या बातम्या अधूनमधून फिरतात, त्या या दोन आकड्यांशेजारी ठेवून वाचाव्यात. सजीवांचे महत्त्व साठ्यात नसून वाहतुकीत आहे. वनस्पती-प्लवक दरवर्षी सुमारे ५० गिगाटन कार्बन बांधतात, पण त्यातला बहुतेक भाग वरच्या शंभरेक मीटरमध्येच खाल्ला जातो, श्वसनातून पुन्हा विरघळतो, आणि हवेच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. हवेच्या हिशेबात धरायचा तो फक्त खाली निसटलेला भाग.

दाब कशाने बदलतो

हवा आणि पाणी यांच्यातली देवाणघेवाण ठरते ती दोन्हीकडच्या कार्बन डायऑक्साइडच्या आंशिक दाबातल्या फरकावरून. पाण्यात दाब जास्त असेल तर वायू बाहेर, कमी असेल तर आत. पाण्यातला दाब मुख्यतः दोन गोष्टी हलवतात, आणि दोन्हींचे ठोकताळे पाठ असावेत.

पहिली, तापमान. पाणी १ अंश सेल्सिअसने तापले की दाब ४.२३ टक्क्यांनी वाढतो, चक्रवाढीने. म्हणजे ४०० मायक्रोॲटमॉस्फिअरचे (हवेच्या दाबाच्या दशलक्षांशात मोजलेले) पाणी ३ अंश तापले की ४५४ होते. त्यासाठी कार्बनचा एक कणही आत यावा लागत नाही.

दुसरी, विरघळलेला अजैव कार्बन. समुद्राच्या पाण्यात त्यातला सुमारे ९० टक्के बायकार्बोनेटच्या रूपात, बाकी बहुतेक कार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा कार्बन डायऑक्साइड एका टक्क्याहून कमी. या रचनेमुळे उष्ण पाण्यात एकूण अजैव कार्बन १ टक्का बदलला की दाब साधारण ९ ते १० टक्के बदलतो. पाण्यात किलोला २००० मायक्रोमोल कार्बन धरला तर २० मायक्रोमोलची घट म्हणजे दाबात चाळीसेक मायक्रोॲटमॉस्फिअरची घट.

हे दोन ठोकताळे एकमेकांसमोर ठेवा: एका अंशाची तापमानवाढ फेडायला प्लवकांना किलोमागे सुमारे ९ मायक्रोमोल कार्बन काढावा लागतो. पाणी ३ अंश तापले तर २७. मिश्र थर (वारा ढवळतो तो वरचा थर) ४० मीटर जाडीचा असेल तर हे चौरस मीटरमागे १.१ मोल झाले. आता अरबी समुद्रातल्या पावसाळी बहराचे प्राथमिक उत्पादन पाहा: चांगल्या दिवसात चौरस मीटरमागे सुमारे १.२ ग्रॅम कार्बन, म्हणजे १०० मिलिमोल. आकडा मोठा वाटतो, पण त्यातला बराचसा भाग त्याच थरात पुन्हा श्वसनात जातो. निव्वळ २० ते २५ मिलिमोल हाती लागले असे धरले तर नुसत्या ३ अंशांच्या तापण्याची भरपाई करायला दीड ते दोन महिने लागतात. बहर तेवढा टिकत नाही.

तिसरा खेळाडू वारा. तो दाब बदलत नाही, पण देवाणघेवाणीचा वेग ठरवतो, आणि तोही वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. इथेच मान्सून येतो.

अरबी समुद्राचे वर्ष

मे अखेरीपासून सोमालियाच्या किनाऱ्यालगत फिंडलेटर जेट नावाचा खालच्या पातळीवरचा जोरदार वारा उभा राहतो आणि अरबी समुद्र तिरका ओलांडून आपल्याकडे येतो. हाच आपला नैऋत्य मान्सून. ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहताना तो पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, आणि त्या जागी शंभर-दोनशे मीटर खालचे पाणी वर येते. हेच अपवेलिंग. हे पाणी थंड असते, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेले असते, म्हणूनच समुद्र हिरवा होतो. पण ते पोषक क्षार आले कुठून? वरून खाली पडलेले सेंद्रिय पदार्थ जिवाणूंनी तिथे कुजवले म्हणून. त्याच कुजण्यातून कार्बनही मोकळा झाला. खत आणि कार्बन एकाच पाण्यातून वर येतात. ओमानजवळ मान्सूनच्या ऐन भरात ६०० मायक्रोॲटमॉस्फिअरच्या वरचे दाब मोजले गेले आहेत, तेही हवेतला दाब ३६०च्या आसपास असताना.

कागदावर पाहिले तर प्लवकांना हा हिशेब फेडता आला पाहिजे. सरासरी प्लवक १०६ कार्बनमागे १६ नायट्रोजन वापरतात. पाण्यात किलोमागे २० मायक्रोमोल नायट्रेट असेल तर १३२ मायक्रोमोल कार्बन बांधला जायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि त्यामागची कारणे चार आहेत.

वेळ हे पहिले. पाणी पृष्ठभागावर आले त्या क्षणापासून वायू निसटू लागतो, पण प्लवकांची संख्या वाढायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दुसरे, तापणे. वीस-बावीस अंशांवर वर आलेले पाणी आत समुद्रात सरकताना सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत तापते. ६ अंशांत दाब २९ टक्क्यांनी वाढतो. तिसरे, भक्षक. कोपेपॉडसारखे प्राणी-प्लवक बहराचा मोठा वाटा चरून टाकतात, आणि काही भागांत लोह किंवा सिलिकेट आधी संपते, नायट्रेट तसेच उरते.

चौथे कारण खास अरबी समुद्राचे आहे आणि सहसा कुणी सांगत नाही. साधारण १५० ते १००० मीटर खोलीत इथे ऑक्सिजन जवळपास नसलेला जाड पट्टा आहे. त्याच्या वरच्या भागात जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात आणि नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. खुल्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडणारे तीनच प्रदेश आहेत: उष्ण पूर्व पॅसिफिकचे उत्तर आणि दक्षिण भाग, आणि अरबी समुद्र. परिणाम असा की इथून वर येणाऱ्या पाण्यात कार्बन पुरेपूर असतो, पण त्याच्या जोडीचे नायट्रेट कमी भरते. प्लवकांनी शेवटच्या कणापर्यंत नायट्रेट वापरले तरी काही कार्बन शिल्लक राहणारच.

आता वाऱ्याचा आकडा घालू. जुलैत पश्चिम अरबी समुद्रात वारा सेकंदाला १२ मीटर आणि दाबातला फरक २०० मायक्रोॲटमॉस्फिअर धरा. नेहमीच्या सूत्राने चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ५६ मिलिमोल कार्बन बाहेर पडतो. निव्वळ जैविक ओढ २०-२५ होती हे आठवा. एप्रिलमध्ये मध्य अरबी समुद्रात वारा ४ मीटर, फरक ३० धरला तर हाच प्रवाह १ मिलिमोलच्याही आत येतो. साठपट तफावत आहे. वर्षाचा हिशेब चार महिन्यांत होतो तो असा. म्हणून एप्रिल-मेमधली भरपूर आणि जुलैची मोजकी मोजमापे घेऊन काढलेल्या वार्षिक सरासरीवर विश्वास ठेवू नये. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते, छोट्या बोटी बाहेर पडत नाहीत. नेमका महत्त्वाचा काळ मोजमापांत विरळ राहतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे. इथेही अपवेलिंग होते, केरळकडून सुरू होऊन उत्तरेकडे येते. पण पाऊस आणि नद्यांचे गोडे पाणी वर पाच-दहा मीटरचा हलका थर तयार करते, आणि तो दुधावरच्या सायीसारखा खालच्या पाण्याला झाकून टाकतो. वर आलेले थंड, कमी ऑक्सिजनचे पाणी या सायीखाली अडकते. वरच्या उत्पादनाचा पाऊस त्यावर पडत राहतो, कुजतो, आणि ऑगस्टनंतर तळाजवळचा ऑक्सिजन संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते. गोव्याच्या कांदोळीसमोर उथळ पाण्यात १९९७ पासून चाललेल्या नियमित नमुन्यांमध्ये हे चक्र स्पष्ट दिसते. या पाण्यात नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापवतो. त्यामुळे 'या बहराने इतका कार्बन घेतला' असे म्हणताना त्याच बहराने किती नायट्रस ऑक्साइड घडवला हा आकडा शेजारी नसेल, तर तो अर्धवट हिशेब आहे.

थंडीत चक्र पुन्हा फिरते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर अरबी समुद्रावर उपखंडाकडून कोरडा, थंड वारा येतो. पृष्ठभाग थंड आणि खारट होऊन जड होतो, खाली बुडतो, आणि मिश्र थर शंभर मीटरपर्यंत किंवा त्याहून खोल जातो. थंडीने दाब उतरायला हवा, पण त्याच मिसळण्यात खालचा कार्बनही वर येतो आणि बहुतेक फायदा खाऊन टाकतो. या काळात बहर येतो तो पूर्वी डायाटमचा असे. २००० नंतरच्या दशकात उत्तर भागात हिरव्या नॉक्टिल्युकाचे बहर पसरू लागले. ही एकपेशीय जीवाची जात पोटात हिरवे शैवाल बाळगते, स्वतःही शिकार करते, आणि पेशीत अमोनियम साठवून तरंगत राहते. डायाटम काचेच्या कवचामुळे जड होऊन बुडतात. हे बुडत नाही. ते खाणारे सॅल्प (पारदर्शक, पिंपासारखे तरंगणारे प्राणी) आणि जेलीफिश वेगळे, कोपेपॉडना ते झेपत नाही. बहर तेवढाच हिरवा, पण खाली जाणाऱ्या कार्बनची वाट पूर्ण बदललेली.

कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ येतात त्यामागे बऱ्याचदा नॉक्टिल्युकाच असतो, पण लाल प्रकारचा. त्याच्या पोटात शैवाल नसते. तो प्रकाशसंश्लेषण करत नाही, डायाटम खातो. ती चमक म्हणजे कार्बन शोषल्याची खूण समजू नये.

किती खोल गेला, यावर सगळे

शंभर मीटरखाली निघालेल्या सेंद्रिय कार्बनचे पुढे काय होते याचा नेहमीचा अंदाज असा: ५०० मीटरपर्यंत सुमारे २५ टक्के उरतो, १००० मीटरपर्यंत १४ टक्के. अरबी समुद्राच्या ऑक्सिजनहीन पट्ट्यात मात्र प्राणी कमी, कुजणे संथ. त्यामुळे कण जास्त खोलवर पोचतात. १९८६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठाने इथे खोल समुद्रात गाळ पकडणारी नरसाळी लावली. त्यांत दिसले की खाली पडणाऱ्या कणांचा वर्षाव मान्सूनमध्ये झपाट्याने वाढतो, आणि तो वाऱ्याच्या जोराशी जुळतो.

कणांचा वेग कोणी बांधले यावर ठरतो. सुटी पेशी दिवसाला एखादा मीटर बुडते. चिकट झुपके दहा ते शंभरेक मीटर. सॅल्पच्या विष्ठेच्या गोळ्या हजार मीटरपर्यंतही. तीच पेशी कोणाच्या पोटातून गेली, यावर तिचा कार्बन पुढच्या आठवड्यात हवेत येईल की काही शतके खाली राहील हे ठरते.

शिवाय सजीव वाहतूकही आहे. मायक्टोफिड जातीचे छोटे चमकणारे मासे दिवसा २०० ते ४०० मीटरवर, ऑक्सिजन जवळपास नसलेल्या पाण्यात लपतात आणि रात्री खायला वर येतात. वर खाल्लेले खाली श्वसनात आणि विष्ठेत सोडतात. नरसाळ्यांत हा कार्बन पडत नाही, त्यामुळे नुसत्या नरसाळ्यांवरचा हिशेब कमी भरतो.

एक चूक फार वेळा दिसते: चुनखडीची कवचे म्हणजे कार्बन साठवण, अशी. कॉकोलिथोफोर, फोरॅमिनिफेरा, शिंपले कवच बनवतात तेव्हा दोन बायकार्बोनेटमधून एक कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि एक कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. पाण्याच्या रसायनामुळे प्रत्यक्षात एका मोल कवचामागे सुमारे ०.६ मोल कार्बन डायऑक्साइडचा परिणाम पृष्ठभागावर उरतो. म्हणजे कवच बनवणे हे हवेच्या दृष्टीने अल्प काळात सोडणेच आहे. कवचांचा फायदा वेगळ्या मार्गाने होतो: ती जड असतात आणि सोबत सेंद्रिय कार्बन खाली ओढून नेतात.

एल निनो, डायपोल आणि बाकीची चक्रे

हिरवेपणा आणि कार्बन सोडणे सोबतच येतात, याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण अरबी समुद्रात नाही, विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये आहे. नेहमीच्या वर्षी व्यापारी वारे पूर्व पॅसिफिकमध्ये खालचे पाणी वर आणतात आणि तो भाग दरवर्षी साधारण अर्धा ते एक गिगाटन कार्बन हवेत सोडतो; समुद्रांतला सगळ्यात मोठा सोडणारा प्रदेश तोच. एल निनोत वारे ढिले पडतात, पूर्वेकडचा उबदार थर जाड होतो, खालचे पाणी वर येत नाही. १९९७-९८ मध्ये तिथल्या पाण्याचा आणि हवेचा दाब जवळपास बरोबरीला आला, म्हणजे सोडणे बहुतेक थांबले. त्याच वेळी प्लवकही कमी झाले. १९९८ च्या मध्याला अपवेलिंग परतले तेव्हा मोठा बहर आला आणि कार्बनचे सोडणेही सोबत परत आले. हिरवा समुद्र आणि कार्बन सोडणारा समुद्र, एकाच महिन्यात, एकाच ठिकाणी.

मग एल निनोच्या वर्षात हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त का वाढतो? कारण जमीन. उष्ण कटिबंधात दुष्काळ, वणवे आणि सुकलेली जंगले समुद्राच्या बचतीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या ओसीओ-२ उपग्रहाने २०१५-१६ मध्ये हा क्रम दाखवला: आधी पॅसिफिकवर किंचित घट, काही महिन्यांनी जमिनीमुळे मोठी वाढ. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत त्या दोन्ही वर्षांत वाढ सुमारे ३ पीपीएम (दशलक्षात ३ भाग) होती. १ पीपीएम म्हणजे २.१२ गिगाटन कार्बन.

अरबी समुद्रावर एल निनोचा परिणाम मान्सूनच्या वाऱ्यामार्फत येतो. मान्सून कमजोर तर अपवेलिंग कमी, वायूचा वेगही कमी, त्यामुळे सोडणे कमी. पण एल निनो म्हणजे कमजोर मान्सून हे समीकरण दरवेळी लागू पडत नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता आणि भारतात पाऊस सर्वसाधारण झाला. त्या वर्षी डायपोलही धन टोकाला होता. धन डायपोलमध्ये सुमात्रा-जावाजवळ थंड पाणी वर येते, तिथे एरवी नसणारे बहर येतात, आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र वेगळाच परिणाम होतो: शरद ऋतूत ऑक्सिजनयुक्त पाण्याची सीमा खोल जाते, त्यामुळे किनाऱ्यालगत तळाचा ऑक्सिजन संपण्याची घटना धन डायपोलच्या वर्षी टळते.

चक्रांना विसरले की काय होते याचा धडाही इथलाच आहे. २००५ मध्ये उपग्रहावरच्या हरितद्रव्याच्या नोंदींवरून असे मांडले गेले की पश्चिम अरबी समुद्रातले उत्पादन सात वर्षांत साडेतीनशे टक्क्यांहून जास्त वाढले, आणि कारण हिमालय-युरेशियातल्या बर्फाची घट. ती नोंद सुरू होते १९९७ मध्ये, नेमकी जबर एल निनो आणि डायपोलच्या वर्षात. नोंद लांबत गेली तशी ती चढण टिकली नाही. पुढे २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधनातून उलट मांडणी आली: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट, कारण तापलेला वरचा थर खालच्या पाण्यात मिसळेनासा होतो. एका डायपोल चक्राहून छोट्या नोंदीवरून काढलेल्या कलाला कल म्हणू नये.

दक्षिण महासागराबद्दल थोडक्यात: माणसाने सोडलेल्या आणि समुद्राने घेतलेल्या कार्बनपैकी सुमारे ४० टक्के तिकडून आत जातो. तिथले पश्चिमी वारे सदर्न ॲन्युलर मोड या, अंटार्क्टिकाभोवतीच्या वाऱ्यांच्या चढउतारासोबत दक्षिणेकडे सरकून जोर धरतात तेव्हा जुने, कार्बनने भरलेले पाणी वर येते. १९९० च्या दशकात तिथले शोषण मंदावले आणि २००० नंतर पुन्हा वाढले. हवेत कार्बन वाढत गेला म्हणून समुद्र जास्त घेतो आहे, हे शोषण मुख्यतः रसायन आणि पाण्याच्या बुडण्यामुळे आहे. प्लवक माणूस येण्याआधीही तेवढाच कार्बन खाली नेत होते आणि तेवढाच वर येत होता. त्यांच्या कामात बदल झाला तरच या हिशेबात फरक पडेल.

स्वतः हिशेब काढायचा तर

प्रवाह म्हणजे वेग-गुणांक, विद्राव्यता आणि दाबफरक यांचा गुणाकार. वेग-गुणांक तासाला सेंटिमीटरमध्ये ०.२५१ गुणिले वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, मग तापमानाची दुरुस्ती (२६ अंशांना सुमारे १.१५ पट). विद्राव्यता त्याच तापमानाला घनमीटरमागे, एका ॲटमॉस्फिअरला सुमारे २८ मोल. वर दिलेले ५६ मिलिमोल असेच आले आहेत.

इथे सगळ्यात सामान्य चूक म्हणजे वाऱ्याची महिन्याची सरासरी काढून तिचा वर्ग करणे. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ १२ मीटर वारा असेल तर सरासरी ८, वर्ग ६४. पण वर्गांची सरासरी ८०. वीस टक्के प्रवाह नुसत्या अंकगणितात हरवतो. आधी वर्ग, मग सरासरी.

दाबातला बदल तापमानामुळे की सजीवांमुळे हे वेगळे करायला प्रत्येक मोजमाप वार्षिक सरासरी तापमानावर आणा, दर अंशाला ४.२३ टक्के चक्रवाढीने. उरलेला बदल तापमानाचा नाही. पण तो सगळा सजीवांचाही नाही. त्यात मिसळून वर आलेला कार्बन असतो. तो वेगळा काढायला नायट्रेट आणि ऑक्सिजन सोबत मोजलेले लागतात. आणि कार्बन डायऑक्साइडला हवेशी समतोल साधायला सहा महिने ते वर्ष लागते, ऑक्सिजनला काही आठवडे. म्हणून आज दिसणारा दाब मागच्या ऋतूची आठवणही बाळगून असतो.

जहाजावरच्या मोजमापात गडबड बहुधा तापमानात होते. पाणी नळीतून येताना अर्धा अंश तापले आणि दुरुस्ती विसरली तर ८-९ मायक्रोॲटमॉस्फिअरची चूक. सामूवरून दाब काढत असाल तर ०.०१ सामूची चूक म्हणजे सुमारे १० मायक्रोॲटमॉस्फिअर, आणि एप्रिलमधला सगळा फरकच ३० चा आहे. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ पाणी घेण्याचे तोंड ५ मीटरवर असेल तर गोड्या पाण्याचा वरचा थर मोजलाच जात नाही, आणि खारटपणावरून अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) काढण्याचे नेहमीचे समीकरण नदीच्या पाण्यात चालत नाही. ती मोजावीच लागते. बाटलीचे नमुने घेताना बोरोसिलिकेट काच, तळापासून नळीने भरून भरपूर ओसंडू देणे, एक टक्का हवेची जागा, आणि ५०० मिलिलिटरला ०.१ मिलिलिटर संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड. हे विसरले तर बाटलीतले जिवाणू वाटेतच कार्बन वाढवतात. द्रव विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि उरलेले समुद्रात ओतू नये.

उपग्रहाच्या रंगावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी दोन इशारे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे नेमक्या हव्या त्या दिवसांची चित्रे मिळत नाहीत. आणि मार्च-मेमध्ये हरितद्रव्याचा जास्तीत जास्त साठा ४० ते ६० मीटर खाली असतो, जो उपग्रहाला दिसतच नाही.

राहिला लोहाचा प्रश्न. अरबी समुद्रावर वाळवंटांची धूळ येतेच, तरी पावसाळ्यात पश्चिम भागात लोह कमी पडल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. पण इथे बहर वाढवणे म्हणजे आधीच गुदमरलेल्या पट्ट्यात आणखी कुजणारा माल टाकणे, म्हणजे आणखी नायट्रस ऑक्साइड. शिवाय या पट्ट्यातले पाणी साधारण दशकभरात बदलून जाते. ३०० मीटरवर पोचवलेला कार्बन ओमानच्या किनाऱ्यावर पुन्हा वर यायला फार वेळ लागत नाही.

भारत आणि जर्मनीने लोहाफेक्स हा प्रयोग २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये दक्षिण महासागराच्या अटलांटिक बाजूला, 'पोलारस्टर्न' जहाजावरून, सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या एका भोवऱ्यात केला. प्लवक पहिल्या दोन आठवड्यांत दुपटीच्या आसपास वाढले, मग कोपेपॉडनी चरून टाकले, आणि कोपेपॉडवर जगणारे ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे छोटे प्राणी) वाढले. त्या पाण्यात सिलिकेट आधीच संपलेले होते, म्हणून डायाटम वाढू शकले नाहीत. खोल फारसा कार्बन गेला नाही. त्याच महासागरात २००४ च्या आयफेक्स प्रयोगात सिलिकेट भरपूर होते, डायाटमचा बहर आला आणि त्याचे झुपके १००० मीटरखाली गेले. तेव्हा कुणी लोह टाकण्याची योजना घेऊन आला तर त्याच्याकडून आधी तीन आकडे मागावेत: त्या पाण्यातले सिलिकेट, १००० मीटरवरचा मोजलेला प्रवाह, आणि ते पाणी पुन्हा पृष्ठभागावर यायला लागणारी वर्षे. हरितद्रव्याचा नकाशा त्यानंतर पाहिला तरी चालेल.